दुसऱ्यांच्या बर्फावर

साशंक : ल्यूज खेळणाऱ्या पोलिश मुलींच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, हे आधीच सांगतो. पाठीवर निजायचं, पाय पुढे करायचे आणि बर्फाच्या पन्हळीतून ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं खाली यायचं. स्लेजला ब्रेक नाही, अंगावर पातळ सूट, डोक्यावर हेल्मेट. माझ्यासारख्यानं तर वरून खाली बघूनच पाय मागे घेतले असते. माझी शंका त्यांच्या कारकिर्दीबद्दल आहे. पोलंडमध्ये आज कृत्रिमरीत्या गोठवलेला एकही ट्रॅक नाही. दहाबारा वर्षांची एखादी मुलगी या खेळात येते आणि पुढची पंधरा-सतरा वर्षं दुसऱ्यांच्या बर्फावर काढते. कधी लॅटव्हियात सिगुल्डाला, कधी जर्मनीत आल्टेनबर्गला किंवा ओबरहोफला, कधी ऑस्ट्रियात इग्ल्सला. दोन ऑलिंपिक होतात, फार तर तीन. नाव बहुधा पंधराव्या-विसाव्या क्रमांकाच्या आसपास लागतं, आणि तिशीच्या उंबरठ्यावर ती थांबते. १९६४पासून ल्यूज ऑलिंपिकमध्ये आहे आणि पोलंडला त्यात आजवर एकही पदक नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी हे मुलीच्या आईबापांच्या जागी उभा राहून विचारतोय. ज्या विहिरीला पाणी नाही हे देशाला माहीत आहे, तिच्यात पोर सोडायची कशाला?

चाहती : विहीर कोरडी आहे, हे तुम्ही धरूनच चाललात. थोडं मागे जाऊ या. पोलिश भाषेत या खेळाचं नाव ‘सानेचकार्स्त्वो’, आणि त्याचं मूळ ‘सानेच्की’ म्हणजे लहान मुलांची घसरगाडी. हिवाळ्यात उतार दिसला की ती बाहेर निघते. आपल्याकडे पाऊस पडला की पोरं कागदाच्या होड्या सोडतात, तितकी ती घरातली. क्रिनित्सा हे दक्षिण पोलंडमधल्या डोंगरांतलं, औषधी झऱ्यांचं गाव. तिथं १९५८ साली ल्यूजची जागतिक स्पर्धा झाली आणि महिलांचं विजेतेपद पोलंडच्याच मारिया सेम्चिशाकनं जिंकलं. चारच वर्षांनी, १९६२ला, जागतिक स्पर्धा पुन्हा क्रिनित्सालाच आली. १९६४ला इन्सब्रुकमध्ये हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकला आला, तेव्हा महिलांत इरेना पावेउचिक चौथी आली आणि बार्बरा गोर्गोन पाचवी. १९६८ला ग्रेनोबलच्या ऑलिंपिकमध्ये हेलेना माखेर चौथी आणि याद्विगा दाम्से पाचवी. त्यानंतर १९७०ला बार्बरा प्येखा जगज्जेती झाली. बारा वर्षांत दोन जागतिक विजेतेपदं, आणि लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये चौथा-पाचवा क्रमांक पोलंडकडे. या मुलींना ‘छोट्या देशाच्या हौशी पोरी’ म्हणायला त्या काळी कुणी धजावलं नसतं. आजची पोलिश मुलगी स्लेजवर निजते तेव्हा तिच्या पाठीशी हे सगळं असतं.

साशंक : असतं, पण ते दुसऱ्याच खेळाचं असतं. तुम्ही सांगितलेली बहुतेक वर्षं नैसर्गिक बर्फाची आहेत. तेव्हा सगळे आभाळाकडे डोळे लावून बसायचे. थंडी पडली तर स्पर्धा, नाहीतर परत घरी. १९६६ची जागतिक स्पर्धा पूर्व जर्मनीत फ्रीडरिखरोडाला व्हायची होती, ती खराब हवामानामुळे रद्दच झाली. थंडी कुणा एका देशाची नसते, म्हणून त्या काळी क्रिनित्साच्या मुलीची आणि फ्रीडरिखरोडाच्या मुलीची तयारी साधारण एका मापाची होती. नंतर बव्हेरियातल्या कोनिग्सझेला पन्हळीखालून नळ्या टाकून बर्फ गोठवण्याची सोय झाली. ज्याच्याकडे यंत्र त्याच्याकडे हिवाळा, अशी स्थिती आली. जर्मनीत अशा चार जागा झाल्या : कोनिग्सझे, आल्टेनबर्ग, ओबरहोफ आणि विंटरबर्ग. १९९८ ते २०२२ या सातही ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचं सुवर्ण जर्मनीला गेलं. २००९च्या जागतिक स्पर्धेत जर्मन मुलींना हरवून सुवर्ण घेतलं ते अमेरिकेच्या एरिन हॅम्लिननं. आणि कुठे? लेक प्लॅसिडला, स्वतःच्या घरच्या ट्रॅकवर. १९७० नंतर पोलंडच्या एकाही मुलीला जागतिक विजेतेपद मिळालेलं नाही. आणखी एक गोष्ट. तुमचा १९६८चा चौथा-पाचवा क्रमांकही तीन पूर्व जर्मन मुली बाद झाल्या म्हणून मिळालेला आहे.

चाहती : त्या दिवसाचं नीट सांगायला हवं, कारण या खेळाचा जीव कशात आहे ते तिथंच दिसतं. ठिकाण व्हिलार-द-लान्स. हवामान वाईट, त्यामुळे चारऐवजी तीनच फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीआधी पंचांनी स्लेजच्या पोलादी पात्या तपासल्या. पूर्व जर्मनीच्या मुलींच्या पात्या तापवलेल्या निघाल्या. वर बर्फ टाकला तर चर्रकन आवाज आला, असं सांगतात. गरम पोलादाखाली पाण्याचा अगदी पातळ थर होतो आणि स्लेज जास्त सुळकन जाते. ओर्ट्रुन एंडरलाइन तेव्हा पहिल्या क्रमांकावर होती. तिच्यासह तिघींना बाद केलं. आणि त्या पंचमंडळाचा प्रमुख पोलंडचा होता! पूर्व जर्मनी आणि पोलंड एकाच राजकीय गटातले. आपल्या गटाला सांभाळून घ्यायचं, तर हा माणूस गप्प बसू शकला असता. त्यानं नियम लावला. पूर्व जर्मनीनं हा पश्चिमेचा कट म्हणून आरडाओरड केली. सुवर्ण इटलीच्या एरिका लेखनरला गेलं. आज प्रत्येक स्पर्धेत सुरुवातीच्या फळीपाशी एक नमुन्याची पाती टांगलेली असते आणि खेळाडूच्या पात्यांचं तापमान तिच्याशी ताडून बघतात. पाच अंशांपेक्षा जास्त गरम असेल तर खेळाडू बाद.

माखेर आणि दाम्से त्या दिवशी थंड पात्यांवर उतरल्या होत्या. वरच्या तिघी गेल्यामुळे त्यांचा क्रमांक चढला, हे मान्य. पण त्यांचा वेळ त्यांचाच होता, कुणी भेट दिलेला नव्हता.

राहिली यंत्राच्या बर्फाची गोष्ट. बार्बरा प्येखानं १९७०ची जागतिक स्पर्धा कुठे जिंकली, ठाऊक आहे? कोनिग्सझेलाच. ज्या ट्रॅकनं छोट्या देशांचा खेळ संपवला असं तुम्ही म्हणता, त्याच ट्रॅकवर.

साशंक : हे मला माहीत नव्हतं, आणि याचं वजन मी कमी करणार नाही. तरीही हेच उदाहरण मी माझ्या बाजूनं वाचतो. १९७०ला तो बर्फ सगळ्यांनाच नवा होता. हजारदा त्याच्यावर उतरलेलं अजून कुणी नव्हतं. दोनच वर्षांनी साप्पोरोच्या ऑलिंपिकमध्ये ल्यूजच्या नऊ पदकांपैकी आठ पूर्व जर्मनीनं नेली, महिलांची तिन्ही त्यातच. इतक्या लवकर दार बंद झालं. प्येखा त्या दाराच्या फटीतून आत गेलेली शेवटची.

चाहती : मग दार बंद झाल्यावर आत आलेल्यांचं काय करायचं? १९८०ला महिलांचं ऑलिंपिक सुवर्ण वेरा झोझुल्याला मिळालं. ती लॅटव्हियाची, तेव्हा सोव्हिएत संघाकडून खेळायची. सिगुल्डाचा गोठवलेला ट्रॅक झाला १९८६ला, म्हणजे तिच्या सुवर्णाला सहा वर्षं उलटल्यावर. आणि इटलीकडे बघा. २००६च्या ट्युरिन ऑलिंपिकसाठी त्यांनी चेझानाला ट्रॅक बांधला, तो काही वर्षांतच बंद पडला. मग २०२६च्या ऑलिंपिकसाठी कोर्तिनाला नवा ट्रॅक होईपर्यंत इटलीत चालू असलेला एकही ट्रॅक नव्हता. तरी २०१४ला आर्मिन त्सोगेलरनं सलग सहाव्या ऑलिंपिकमध्ये पदक घेतलं आणि २०२२ला डोमिनिक फिशनालर पदकापर्यंत गेला. ट्रॅक म्हणजे काँक्रीट आणि नळ्या. तो उसना मिळतो. पाती कशी घासायची, आजच्या बर्फाला कोणती धार, वळणात शिरताना खांदा कधी सोडायचा, हे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. पोलंडकडे ते होतं. त्याची देखभाल झाली की नाही, हा प्रश्न ट्रॅकपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं.

साशंक : इटलीचं उदाहरण जोरदार आहे, आणि नेमकं म्हणूनच ते पोलंडच्या विरुद्ध जातं. इटलीचे हे खेळाडू दक्षिण तिरोलचे. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत नैसर्गिक बर्फावरचं ल्यूज आजही गावागावात चालतं. बाप स्लेज बनवतो, काका शिकवतो. ब्रेनर खिंड ओलांडली की पलीकडे इग्ल्सचा ट्रॅक. शिकवणारे, कारागीर, भाषा सगळं हाताशी. ट्रॅक नसला तरी त्याच्या भोवतीचं सगळं आहे. झोझुल्याच्या पाठीशी तर सोव्हिएत सत्ता होती. पोलिश मुलीच्या पाठीशी काय आहे?

हिशेब करून बघा. एक फेरी जेमतेम पन्नास सेकंदांची. चांगल्या दिवशी चार-पाच फेऱ्या मिळतात. म्हणजे दिवसभराचा प्रवास, सामान, थंडीतलं ताटकळणं, हे सगळं चार मिनिटांच्या सरावासाठी. पोहणारा दिवसाला चार तास पाण्यात असतो आणि गाणारा चार तास सुरात. हिला चार मिनिटं. त्या मिनिटांचंही भाडं द्यावं लागतं, परक्या ट्रॅकचं वेळापत्रक पाळावं लागतं, यजमान देशाच्या मुलींचा सराव झाल्यावर आपली पाळी धरावी लागते. १९९८ला नागानोत चार फेऱ्यांनंतर सुवर्ण आणि रौप्य यांच्यात दोन सहस्रांश सेकंदाचा फरक होता, आणि त्या दोघीही जर्मन. जिथं इतक्या बारीक मापानं मोजतात, तिथं सरावाच्या मिनिटांमधली तफावत क्रमांकात उतरल्याशिवाय कशी राहील?

आणि मग ती गोष्ट येते जिच्याबद्दल मला बोलणंच जड जातं. २०१०, व्हँकुव्हरचं ऑलिंपिक, व्हिस्लरचा ट्रॅक. १२ फेब्रुवारी, उद्घाटनाचाच दिवस. जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली सराव करताना शेवटच्या वळणातून बाहेर फेकला गेला, पोलादी खांबावर आदळला आणि गेला. एकवीस वर्षांचा मुलगा. जॉर्जियाकडेही ट्रॅक नव्हता. कॅनडानं आपल्या खेळाडूंना त्या ट्रॅकवर भरपूर फेऱ्या दिल्या आणि बाहेरच्यांना मोजक्या, ही तक्रार अपघाताच्या आधीपासून होती. चौकशीत चूक खेळाडूची ठरली. पण चूक सुधारायला फेऱ्या लागतात. त्या विकत मिळतात आणि काही वेळा विकतही मिळत नाहीत. या खेळात गरीब देशाचं मागे पडणं फक्त क्रमांकावर थांबत नाही. म्हणून मी आईबापांचं नाव घेतलं.

चाहती : त्या मुलाबद्दल मी वाद घालणार नाही. तो घालायचाच नसतो.

पण व्हिस्लरची तीच स्पर्धा मला पुढे न्यायची आहे. अपघातानंतर सुरुवातीची जागा खाली आणली. पुरुष महिलांच्या जागेवरून निघाले, महिला कनिष्ठ गटाच्या. मृत्यू होऊन तीन दिवस झाले होते आणि त्याच पन्हळीत या मुली उतरल्या. त्यांत पोलंडची एवेलिना स्ताशुलोनेक होती. तिनं चार फेऱ्या पुऱ्या केल्या आणि आठवी आली.

आठवा क्रमांक म्हणजे काय, ते जवळून बघा. सुरुवातीच्या फळीवर बर्फात दोन मुठी रोवलेल्या असतात. मुलगी त्यांना धरून स्लेज मागे-पुढे झुलवते आणि स्वतःला बाहेर झोकून देते. हातमोज्यांच्या बोटांच्या टोकांना बारीक खिळे असतात. त्यांनी बर्फाला तीन-चार धक्के देते आणि मग मागे निजते. इथून पुढे ती जवळजवळ काही करत नाही असं बघणाऱ्याला वाटतं. खरं म्हणजे ती सगळ्या अंगानं करत असते. पात्यांची पुढची टोकं वर वळलेली असतात आणि दोन्ही पोटऱ्या त्यांना टेकलेल्या. डावीकडे वळायचं तर उजव्या पोटरीनं दाब द्यायचा आणि खांद्यानं त्याला साथ करायची. दाब जास्त झाला तर पाती बर्फ खरवडते आणि वेग जातो, कमी झाला तर भिंत जवळ येते. वारा अडू नये म्हणून डोकं मागे टाकलेलं असतं, त्यामुळे पायांच्या पलीकडचं तिला धड दिसतही नाही. वळणात मान उचलून धरणं हेच मोठं काम, कारण डोक्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या मानेवर येतो. ट्रॅक तिला पाठ असावा लागतो. कुठलं वळण किती लांब, बाहेर पडताना स्लेज कुठे असली पाहिजे, हे अंगात असावं लागतं. मुली स्पर्धेआधी डोळे मिटून उभ्या राहतात, हात हवेत हलवतात, अख्खी फेरी मनात करतात. ज्यांना बर्फावर फेऱ्या कमी मिळतात त्यांना ती मनातच जास्त करावी लागते.

व्हिस्लरला सुवर्ण आणि रौप्य यांच्यात जेमतेम अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं. त्या मापात, घरी ट्रॅक नसलेली मुलगी आठवी आली. ही कारकीर्द फुकट गेली असं तुम्ही म्हणता तेव्हा मला कळत नाही की आपण काय मोजतोय.

साशंक : तुम्ही जे सांगितलंत त्यानं मी हललो, हे कबूल करतो. पण तर्क सोडत नाही. सुरुवात खाली आली म्हणजे ट्रॅक लहान झाला, वेग उतरला. अवघड वळणं पूर्ण वेगानं घ्यायचा जो सराव मोठ्या देशांच्या मुलींनी केला होता, त्याचा फायदा आखडला. तो आठवा क्रमांक पूर्ण ट्रॅकवर आला असता का? मला खात्री नाही.

चाहती : सुरुवात लहान झाली की पहिल्या झोक्याचं महत्त्व वाढतं. तो झोका घरी, बर्फाशिवायही घटवता येतो. तिनं तो घटवला असेल, तर त्याचं श्रेय तिलाच. आणि पूर्ण ट्रॅकवर काय झालं असतं हे तिच्याबद्दल जितकं सांगता येत नाही, तितकंच तिच्या पुढच्या सातजणींबद्दलही सांगता येत नाही.

साशंक : बरोबर. तो मुद्दा मी मागे घेतो.

आता पुढचं. माझं म्हणणं एवढंच होतं की देशानं एकतर ट्रॅक बांधावा किंवा मुलींना या वाटेला लावू नये. मधली वाट क्रूर आहे. पण तुम्ही चेझानाचं नाव घेतल्यापासून ‘बांधावा’ हा शब्द माझ्या घशात अडकलाय. चेझाना कोट्यवधी खर्चून बांधला आणि तो ओस पडला. १९८४च्या ऑलिंपिकचा सारायेवोचा ट्रॅक युद्धात सापडला. आज त्र्येबेविच डोंगरावर झाडीत त्याची काँक्रीटची कात पडली आहे, पर्यटक तिच्यावर रंगवलेली चित्रं बघायला जातात. कोर्तिनाच्या नव्या ट्रॅकवर दहा कोटी युरोंहून अधिक खर्च झाला, लार्चची शेकडो झाडं पडली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच म्हणत होती की परदेशातला तयार ट्रॅक वापरा. एवढा पैसा आणि एवढी वीज मूठभर खेळाडूंसाठी ओता, असं मी पोलंडला सांगू शकत नाही. म्हणजे माझ्या दोन पर्यायांतला पहिला मीच खोडला. उरतो दुसरा : थांबा.

चाहती : दुसरा पर्याय नीट उच्चारून बघा. ज्या देशांकडे यंत्र आहे त्यांनीच खेळावं. मग हा खेळ जर्मनी, ऑस्ट्रिया, लॅटव्हिया, अमेरिका, कॅनडा अशा बोटांवर मोजण्याएवढ्या देशांचा राहील. अशा खेळाला जागतिक म्हणायचं कसं? आपल्याकडे शिव केशवन १९९८ ते २०१८ सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. मनालीजवळच्या घाटरस्त्यांवर, ट्रकांच्या मधून, चाकं लावलेली स्लेज घेऊन उतरायचा. तुमच्या नियमानं त्याला सोळाव्या वर्षीच घरी बसवावं लागलं असतं.

साशंक : शिव केशवनबद्दल मला अभिमान आहे. पण त्या घाटात ट्रकखाली गेला असता तर आपण अभिमान कुठल्या तोंडानं सांगितला असता? त्यानं स्वतः धोका पत्करला. मोठा माणूस होता, ठीक. पण क्रिनित्साच्या बारा वर्षांच्या मुलीला देशाच्या झेंड्याखाली बोलावणारा कुणीतरी मोठा माणूस असतो. मी त्याच्याशी बोलतोय. मुलीशी नाही.

चाहती : हा फरक महत्त्वाचा आहे. आतापर्यंत आपण दोघं एकाच कारकिर्दीबद्दल बोलतोय असं मला वाटत होतं. तुम्ही बोलावणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल बोलताय, मी जाणारीच्या कौशल्याबद्दल. दोन्ही खरं असू शकतं : तिनं केलेलं मोलाचं, आणि तिला ज्या रीतीनं तिथं पाठवलं ते चुकीचं.

धोक्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०२१ला बीजिंगच्या ऑलिंपिकआधी यानचिंगच्या नव्या ट्रॅकवर पोलंडचा मातेउश सोखोविच उतरत होता. समोर ट्रॅकवरचं आडवं फाटक बंद राहिलं होतं. ते उघडायचं काम यजमानांचं. तो त्याच्यावर आदळला, एका गुडघ्याची वाटी मोडली, दुसरा पाय चिरला. यात सराव कमी पडल्याचा काही संबंध नव्हता. जर्मन खेळाडू त्या जागी असता तर तोही आदळला असता. तीन महिन्यांनी सोखोविच त्याच ट्रॅकवर ऑलिंपिक खेळला.

साशंक : तीन महिन्यांत, मोडलेल्या गुडघ्यानं. तुम्ही हे त्याच्या जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगता. मी विचारतो, त्याला कुणी म्हटलं का की बाबा, या वेळी राहू दे? चार वर्षांतून एकदा येणारं ऑलिंपिक, त्यावर पुढच्या चार वर्षांचा पैसा अवलंबून. अशा वेळी ‘नको’ म्हणण्याचं स्वातंत्र्य खेळाडूला कितपत उरतं? ज्याच्या देशात ट्रॅक आहे आणि मागे वीस खेळाडू रांगेत आहेत, त्यालाही ते कमीच असतं. पण ज्याच्यावाचून अख्ख्या संघाचं नाव यादीतून जाईल, त्याला तर अजिबात नसतं.

चाहती : इथं मी तुमच्या बरोबर आहे. छोट्या संघातल्या मुलीवर हा भार जास्त असतो. ती पडली तर बदली नाही. २०१४पासून ऑलिंपिकमध्ये सांघिक रिले आहे. एकाची फेरी संपली की तो वर टांगलेल्या पट्टीला हात मारतो, मग पुढच्याचं दार उघडतं. त्यात महिला नसेल तर अख्खा संघ उतरूच शकत नाही. एकीच्या मनगटावर बाकी सगळ्यांचा हिवाळा. याची जाणीव तिला रोज असते.

पण हेच मी उलट बाजूनंही सांगेन. ल्यूजमध्ये महिला पहिल्या दिवसापासून आहेत, १९६४पासून. बॉबस्लेमध्ये त्यांना २००२पर्यंत थांबावं लागलं, स्की जंपिंगमध्ये २०१४पर्यंत. पुरुषाच्या मागोमाग त्याच पन्हळीतून उतरण्याचा हक्क इथं मागावा लागला नाही. आता महिलांची दुहेरीही आली, २०२६च्या कोर्तिनाच्या ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदाच. पोलंडकडून निकोला दोमोविच आणि दोमिनिका पिवकोव्स्का ही जोडी गेली काही वर्षं या प्रकारात उतरते आहे. एकीच्या अंगावर दुसरी निजलेली. वरची बघते, खालचीला जवळजवळ काहीच दिसत नाही. वरचीच्या पोटऱ्या आणि खालचीचे खांदे एका क्षणी दाबले गेले पाहिजेत. मी ते बघते तेव्हा ट्रॅक कुणाचा हा प्रश्न थोडा वेळ माझ्या मनातून जातो.

साशंक : माझ्या जात नाही. महिला दुहेरीत अजून संघ थोडे आहेत. थोड्यांत वरचा क्रमांक मिळणं सोपं. उद्या तिथं पोलंडला चांगला क्रमांक मिळाला तर लोक म्हणतील, बघा, ट्रॅकवाचून जमतं. आणि ट्रॅकचा, प्रशिक्षकांचा, सरावाच्या फेऱ्यांचा प्रश्न आणखी दहा वर्षं मागे पडेल. यशाचीही मला भीती वाटते ती एवढ्यासाठी.

चाहती : १९६४ला महिला एकेरीत विसाच्या आतच खेळाडू होत्या. पावेउचिकच्या चौथ्या क्रमांकाला तेव्हा कुणी सोपा म्हटलं नाही. खेळ नवा असतो तेव्हा संघ थोडेच असतात, आणि जे त्या वेळी येतात त्यांच्यामुळेच तो पुढे मोठा होतो. प्येखा जिंकली तीही बर्फ सगळ्यांना नवा असताना, हे तुम्हीच म्हणालात. तेव्हा पोलंडनं ते ज्ञान राखलं नाही. या वेळी तरी राखा, एवढंच मी पोलंडला म्हणेन. या दोघी थांबतील तेव्हा त्यांना शिकवायला ठेवा, मध्येच घरी पाठवू नका.

साशंक : ‘शिकवायला ठेवा’ हे मला पटतं. कारकीर्द तिशीत संपत नाही, पुढे कुणाच्या तरी हातात जाते, असं झालं तर माझी अर्धी तक्रार मिटते. उरलेली अर्धी मात्र तशीच आहे. शिकवणारी आली, क्रिनित्साच्या उतारावर बारा वर्षांची मुलगी सानेच्की घेऊन आली, तिच्यात गुण दिसले. मुलीला तुम्ही काय सांगाल ते मला माहीत आहे. तुम्ही तिला पोटरीचा दाब दाखवाल, प्येखाचं नाव सांगाल, व्हिस्लरचा आठवा क्रमांक सांगाल आणि ती तुमच्या मागे येईल. उतारावर तिच्या शेजारी तिची आई उभी आहे. तिला काय सांगाल?

चाहती : सिगुल्डाला किती दिवस, खर्च कोणाचा, शाळेचं काय, कोण सोबत असेल, पडली तर दवाखाना किती लांब, आणि ‘आज नको’ म्हणाली तर तिला कोणी रागावणार नाही. हे सगळं लेखी देता आलं तर देईन.

साशंक : आज देता येईल?

चाहती : नाही. आज त्यातलं निम्मंही देता येणार नाही.

साशंक : मग मुलीला?

चाहती : मुलगी तोवर उतार चढून पुन्हा वर गेलेली असेल. मी आईपाशीच थांबेन.